बसता पगार

चिखलोलीत म्हाताऱ्या माणसाला दोनच गोष्टी विचारायची रीत होती. खोकला कसा आहे, आणि बसता पगार मिळतो ना. पहिल्याचं उत्तर कोणी ऐकून घेत नसे. दुसऱ्याचं ऐकायला सुनासुद्धा चुलीपुढून मान वळवत.

बसता पगार म्हणजे अंबरनाथच्या दोरकारखान्याने म्हाताऱ्यांना लावून दिलेले महिन्याचे बारा रुपये. लढाईच्या वर्षांत थोरल्या मालकांनी ते सुरू केले. तेव्हा गोदीला दोर, लष्कराला दोर, जिकडे बघावं तिकडे दोरच हवा होता. पंचवीस वर्षं भरलेल्या माणसाला थोरले मालक बोलावून सांगत, "बस आता घरी. जिवंत आहेस तोवर पगार खा." त्याला कागद नव्हता की करार नव्हता. एक तारखेला स्वतःच्या पायांनी फाटकावर यायचं, नाव पुकारलं की हजर म्हणायचं आणि अंगठा द्यायचा. मालक गेले, लढाई संपली, इंग्रज गेले, तरी एक तारीख कधी चुकली नव्हती.

हरिचंद्र भोईरची पंचवीस नव्हे, एकतीस वर्षं भरली होती. एकतीस वर्षं तो मागे मागे चालला होता. दोर वळणाऱ्याचं कामच तसलं. अंबाडीच्या तंतूंचा विंचरलेला वाख कमरेभोवती गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं. तिकडे एक माणूस चाक फिरवतो, आणि हा बोटांच्या चिमटीतून वाख सोडत उलटा चालत जातो. तीनशे पावलांची शेड. टोकाला पोचला की एक सूत झालं. मग परत चाकाशी यायचं, की पुन्हा उलटं. गावात त्यांना उलट्या पायांचे म्हणत आणि हसत. हरिचंद्राला त्याचं काही वाटत नसे, कारण त्याच्या हातचं सूत तुटत नाही ही गोष्ट हसणाऱ्यांनाही ठाऊक होती. एकतीस वर्षांत एकदाही तुटलं नाही म्हणत. असं कुठं असतं का? पण म्हणत खरे.

त्याची बायको राजाबाई त्याच कारखान्यात वाख विंचरायला होती. तिची अठराच वर्षं भरली, म्हणून तिला काही लागू झालं नाही. दोघांच्या पोटाला त्याचेच बारा रुपये. मुलगा नव्हता. मुलगी काशी वांगणीला दिलेली, पण जावयाच्या दारात जाऊन बसण्यापेक्षा राजाबाईने वालधुनी नदी जवळ केली असती, आणि हे ती बोलूनही दाखवायची.

त्रेपन्न सालच्या पौषात एक तारखेला दोघं फाटकावर गेली. सोळा म्हातारे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या चार म्हाताऱ्या उन्हाला पाठ करून उकिडवी बसली होती. हेडक्लार्क दिनानाथ टेबल मांडून बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. कधी वरच्या आवाजात बोलला नाही, कधी कोणाचा पैसा खाल्ला नाही. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "या महिन्यापासून सहा रुपये मिळतील. धाकट्या मालकांचा हुकूम आहे. लष्कराचं काम गेलं, कारखाना तोट्यात आहे."

 मग म्हाताऱ्यांचा पुढारी आण्णा मुकादम उठला. वीस वर्षं मुकादमी केलेली, आवाज अजून शाबूत होता.

"साहेब, अर्धा पगार देताय तर आमी अर्धंच जेवायचं का?"

"मी नोकर माणूस आहे, आण्णा. मला विचारून काय उपयोग?"

"मंग कुनाला विचारायचं?"

दिनानाथने यादी उघडली. नावं पुकारायला सुरुवात केली. सगळ्यांनी हजर म्हटलं, अंगठा दिला आणि सहा रुपये घेतले. राजाबाईला तेव्हाच राग आला होता. आपल्या माणसांचा आला होता. निदान एकाने तरी हात मागे घ्यायचा. पण हरिचंद्रानेही घेतला नाही, आणि घरी भाताची पाटी रिकामी आहे हे तिलाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात आण्णाच्या अंगणात मंडळ निघालं. शाळामास्तरांनी नाव काढून दिलं, वृद्ध दोर कामगार मंडळ. कल्याणचे एक वकील म्हणाले, चालत आलेली रीत आहे, ती अशी मोडता येत नाही, आपण ठाण्याच्या मजूर खात्याच्या साहेबांपुढे अर्ज करू. पण वकील झाला तरी त्यालाही पोट आहे. आधी काही हातावर ठेवा, म्हणाले.

"वर्गणी काढू," आण्णा बोलला.

"काढा," गोजरबाई म्हणाली. ही राजाबाईची शेजारीण, वीस वर्षं वाख विंचरून तिच्या बोटांची पेरं वाकडी झाली होती. "माझ्या घरात दोन कोंबड्या हायत. एक तुमच्या वकिलाला, एक तुमच्या साहेबाला."

सगळे हसले. हसून झाल्यावर गप्प बसले, कारण इतरांच्या घरात कोंबड्याही नव्हत्या.

राजाबाई बायकांमध्ये मागे बसली होती. ती म्हणाली, "पैसा नाय तर नाय. हात हायत ना? माघात शिवरात्रीची जत्रा हाय. शेतकरी दावी घेतात, कासरे घेतात, विहिरीचे सोल घेतात. कारखान्याचा दोर मुंबईला जातो, आपल्या हितं कोन इकतो? आपुन वळू आनि इकू."

आण्णाने तिच्याकडे बघितलं, मग हरिचंद्राकडे. "तुझी बायको मंडळाची अध्यक्ष करावी काय रे?"

हरिचंद्र हसला नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता. पाच वर्षं ते हात नुसते मांडीवर पडून होते.

दुसऱ्या दिवसापासून नदीकाठच्या मोकळ्या रानात काम सुरू झालं. सुताराकडून जुनं चाक दुरुस्त करून घेतलं, बेलवलीहून उधारीवर अंबाडी आणली. गोजरबाई आणि बाकीच्या बायका विंचरायला बसल्या. चाक फिरवायला तरणा माणूस परवडेना, म्हणून राजाबाईच बसली. चाक फिरवणं दिसायला सोपं असतं. एका लयीत फिरवावं लागतं, चालणाऱ्याच्या पावलाशी हात जमवावा लागतो. जोरात फिरवलं तर सुताला गाठी पडतात, ढिलं पडलं तर पीळ उलगडतो आणि सूत हातातून सुटून जातं.

पहिल्या दिवशी हरिचंद्र चाळीस पावलं गेला आणि खोकत बसला. दुसऱ्या दिवशी सत्तर गेला. आठवड्याभरात पूर्ण सूत काढू लागला. राजाबाई चाकाशी बसून त्याला लांब लांब जाताना बघायची. तोंड तिच्याकडे, पाऊल मागे, बोटं वाखात. लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली, पण कारखान्यात बायका वेगळ्या शेडमध्ये असत, तिने त्याला काम करताना असं कधी नीट बघितलंच नव्हतं. तो मान ताठ ठेवून चालायचा. मागे दगड आहे की खड्डा हे त्याच्या टाचांना कसं कळायचं देव जाणे. लांब गेला की तो तिथून ओरडायचा, "हलक्या हातानं गो, हलक्या हातानं." आणि सुतातून तिला त्याचा हात लागायचा. खरंच लागायचा. त्याने वाख जरा जास्त सोडला तर इकडे चाक जड व्हायचं. तिला फार बरं वाटायचं ते. या वयात असं काही वाटतं याची लाजही वाटायची.

"हसतेस काय?" तो परत आल्यावर विचारायचा.

"काय नाय. तुमचं चालनं बघते."

"आता बघतेस? आता काय राह्यलंय बघायला?" म्हणायचा, पण खूश व्हायचा. जेवायला बसला की भात मागून घ्यायचा. नसेल तर भांडं खरवडायला लावायचा.

जत्रेत मंडळाने देवळाच्या वाटेवर बांबू रोवून दुकान मांडलं. आण्णाला हौस दांडगी. त्याने मास्तरांकडून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं आणि वर टांगलं: दोरकारखान्याच्या जुन्या कारागिरांनी स्वतःच्या हातांनी वळलेले दोर. वृद्ध कामगारांस मदत करा. खाली सोळाही जणांची नावं, पहिलं हरिचंद्र गोमा भोईर. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठं आहे हे त्याने मास्तरांना विचारून घेतलं आणि दिवसभर अधूनमधून तिकडे बघत राहिला. लोक बघायला थांबावेत म्हणून चाकही तिथेच मांडलं होतं. राजाबाई फिरवायची, हरिचंद्र गर्दीतून वाट काढत उलटा जायचा, लोक बाजूला होऊन जागा द्यायचे.

निर्वासितांच्या कॅम्पातला एक सिंधी दुकानदार आला, टेकचंद नावाचा. विहिरीचा सोल हातात घेतला, पायाखाली धरून ओढला, दातांनी चावून बघितला. "साईं, यह तो पक्का माल है. ऐसा बाज़ार में मिलता कहां है? किसने बनाया?"

"हमने," हरिचंद्र बोलला. "हम बनाया."

टेकचंदने सहा सोल घेतले, भाव केला नाही आणि वर मंडळाच्या डब्यात दोन रुपये टाकले. म्हणाला, त्याचा बापही म्हातारा आहे, शिकारपूरला त्याची पेढी होती, आता बराकीत बसून असतो.

दुपारी दिनानाथ बायकोला घेऊन दर्शनाला आला होता. दुकानापाशी थांबला. पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला. मग हरिचंद्राचं एक सूत पूर्ण होईपर्यंत छत्री धरून उभा राहिला.

"अजून तसाच हात आहे तुझा," म्हणाला.

"तुमची दया, साहेब."

"एक कासरा दे. पैसे घे हो, फुकट नको."

हरिचंद्राने त्याला सगळ्यात चांगला निवडून दिला. दिनानाथ गेल्यावर सगळ्यांना सांगत सुटला, साहेबांनी पैसे देऊन घेतला. राजाबाईलाही वाटलं, चला, माणूस बरा आहे. एवढ्या म्हाताऱ्यांत एकाच्याही मनात काही आलं नाही. कारागिराने आपली कारागिरी लपवायची असते हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

जत्रेवरून आल्यावर हरिचंद्र दोन दिवस झोपून होता. राजाबाईने त्याचा पंचा धुवायला घेतला तर टोकाला रक्त होतं. कधीपासून पडतंय म्हणून विचारलं तर म्हणाला, "जात्रंच्या आदीपासून. कुनाला बोलू नको."

"मना सुदा बोलला नाय?"

"बोललो असतो तर तू चाक फिरवलं असतंस?"

तिने फिरवलं नसतं. ती पंचा घेऊन नदीवर गेली आणि तिथे बसून रडली. दोर विकायचं डोकं आपणच चालवलं होतं, हे तिच्या मनातून जाईना.

फाल्गुनात एक तारखेला सहा रुपयेही मिळाले नाहीत. फाटकावर छापील कागद डकवला होता. दिनानाथने तो वाचून दाखवला. जे कामगार अद्याप काम करण्यास समर्थ आहेत व उघडपणे धंदा करीत आहेत, त्यांना बसता पगार देण्याचे कारण नाही. ज्यांना काम हवे त्यांनी दर सुतामागच्या मजुरीवर कामास यावे. खाली सोळा नावं होती, जत्रेतल्या पुठ्ठ्यावर होती त्याच क्रमाने.

आण्णाने नावं शेवटपर्यंत ऐकली. खाली बसला आणि म्हणाला, "आपुनच लिवून दिलं रे त्यांना."

मंडळाने जत्रेत जमवलेलं सगळं वकिलाच्या हातावर ठेवलं होतं, म्हणून वकील निदान ठाण्याला गेले. चैत्रात परत आले ते तडजोड घेऊन. कारखान्याचा डॉक्टर एकेकाची परीक्षा घेईल. जो शेडच्या टोकापर्यंत अखंड सूत काढील तो समर्थ, त्याला काम मिळेल, बसता पगार नाही. ज्याला जमणार नाही तो निकामी, त्याला पूर्वीसारखे पुरे बारा रुपये जन्मभर.

"यापेक्षा चांगलं मिळणार नाही," वकील म्हणाले. मग आवाज खाली आणला. "आता तुम्हाला काय करायचं ते तुमचं तुम्ही समजा. सूत म्हटलं की तुटतंच."

सगळे समजले. वकिलाकडून परतताना वाटेत आण्णा प्रत्येकाला पढवत होता, वीस पावलांवर पडायचं, छाती धरायची, लवकर उठायचं नाही. हरिचंद्र मागून येत होता. 

परीक्षेच्या आदल्या दिवशी कारखान्याचा शिपाई सांगून गेला की हरिचंद्राने चाक फिरवायला बायकोला आणावं. जत्रेत ती होती, तीच असू दे, म्हणजे सूत तुटलं तर मागाहून चाकवाल्याचं नाव सांगायला नको. दिनानाथचं हे डोकं. कामात चोख माणूस.

राजाबाईने भाकरी वाढली आणि समोर बसली. "शंभर पावलं झाली की सोडून द्या."

"काय?"

"सूत."

त्याने भाकरी मोडली. "बगू."

"बगू नाय. टोकाला गेलात तर उद्यापासून कामावर बोलावतील. तुमी जाल. मना ठावं हाय तुमी जाल. आनि पावसाच्या आदी मी कपाळ फुसून बसंन."

"दोर वळताना मेलेला बरा."

"मंग माझं काय?"

त्याने तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला. राजाबाईला त्याचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

परीक्षेला सकाळीच ऊन तापलं होतं. पत्र्याच्या लांब शेडमध्ये कामावरचे तरणे लोक भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर नवा, तरुण, हातात घड्याळ. शेजारी दिनानाथ कागद घेऊन. पहिला आण्णा. बरोबर वीस पावलांवर त्याने छाती धरली आणि आडवा झाला. पाय झाडले. तरणे लोक हसायला लागले. वीस वर्षं ज्याच्या नुसत्या नजरेने शेड चालायची, तो माणूस धुळीत पडून डोळे फिरवत होता. डॉक्टरने निकामी लिहिलं. मग दुसरा पडला, तिसरा पडला. एकाने सूत ओठांपाशी नेऊन दातांनी तोडलं, तेही लोकांनी बघितलं. दहावा पडेपर्यंत शेडमध्ये कोणी हसत नव्हतं. मान खाली घालून उभे होते, कारण त्यांचीही वर्षं भरत आली होती.

"हरिचंद्र गोमा भोईर."

त्याने वाख कमरेला गुंडाळला. टोक आकड्यात अडकवायला चाकापाशी आला तेव्हा राजाबाईने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, आकडा नीट आहे का ते बघत होता. तिला कळून चुकलं.

तिने चाक फिरवायला घेतलं. तो मागे निघाला. दहा पावलं, वीस. आण्णा खांबाशी बसून त्याच्याकडे डोळे लावून होता. पन्नास. हरिचंद्राचे खांदे वरखाली होत होते, पण बोटं हलत नव्हती म्हणावं इतकी शांत होती. शंभर पावलं झाली. राजाबाई मनात म्हणाली, आता. काही झालं नाही. सव्वाशे. एक तरणा कारागीर भिंत सोडून पुढे आला आणि त्याचे हात बघू लागला. आणखी दोघं आले. कोणीतरी म्हणालं, "बघ, बघ कसा सोडतो." दीडशे झाली. हरिचंद्राचं तोंड उघडं पडलं होतं, श्वासाची शिटी चाकापर्यंत ऐकू येत होती, आणि चेहरा असा होता की राजाबाईने तो लग्नातही तसा बघितला नव्हता. सुतातून त्याचा हात तिला लागत होता. हलक्या हातानं गो. दोनशे. दिनानाथने टाक शाईत बुडवला.

तिला पंच्यावरचं रक्त दिसलं. काशीच्या सासूचं तोंड दिसलं. रिकामी पाटी दिसली. आणि सगळ्यात जास्त काय वाटलं, तर हा माणूस जगायला पाहिजे, मग त्याला आवडो की न आवडो.

तिने हात थांबवला आणि चाक उलटं फिरवलं. अर्धाच फेरा. बघणाऱ्याला वाटावं म्हातारीचा हात घसरला.

सुताचा पीळ उलगडत त्याच्याकडे गेला. त्याच्या बोटांना तो पोचला तेव्हा त्याने एकदा झटकन चिमूट आवळली, सांभाळायचा प्रयत्न केला. सूत मध्येच विरळ झालं, लोंबलं आणि तुटून खाली पडलं.

हरिचंद्र उभा राहिला. हातात राहिलेल्या टोकाकडे त्याने बघितलं. मग दोनशे पावलांवरून तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांच्या माणसाला सूत कुठून तुटलं हे सांगावं लागत नाही.

"दोनशे दहा," डॉक्टर घड्याळ मिटत म्हणाला. "तुटलं. निकामी."

"अरेरे," तो तरणा कारागीर बोलला. राजाबाईला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

त्या दिवसापासून हरिचंद्र तिच्याशी बोलेना. भांडला नाही, हात उगारला नाही. वाढलेलं जेवायचा, सांगितलेलं करायचा, दारातल्या दगडावर बसायचा. तिने पहिल्या रात्रीच सांगून टाकलं होतं, "मीच केलं. तुमच्यासाठी केलं." त्याने कूस बदलली. पुढे ती रोज काही ना काही बोलत राहिली, वाख महागला, गोजरबाईची कोंबडी मेली, काशीकडून निरोप आला. भिंतीशी बोलावं तसं. गोजरबाई म्हणाली, पुरुषाचा राग आहे, भूक लागली की जाईल. पण त्याला भूकही लागायची, आणि राग काही जायचा नाही.

वैशाखात एक तारीख आली. राजाबाईला वाटलं होतं तो जाणार नाही, आणि तो नाही गेला तर बारा रुपये कोण देणार? माणूस स्वतः हजर पाहिजे. तिने आदल्या दिवशीच पायाही पडायचं ठरवून ठेवलं होतं. पण तो आपणच उठला, अंघोळ केली, धुतलेली बंडी घातली आणि चालू लागला. ती मागून निघाली. वाटेत तो दोनदा खोकायला थांबला. ती जवळ गेली की पुन्हा चालायला लागायचा.

फाटकावर टेबल होतं. तडजोडीत एक नवीन गोष्ट आली होती, ती त्या दिवशी कळली. ठाण्याचा कागद होता, म्हणून नुसतं नाव पुरत नव्हतं. नाव, गाव आणि पगार देण्याचं कारण, तिन्ही वाचायचं आणि माणसाने ते कबूल करून हजर म्हणायचं. दिनानाथने हे सगळं आधी समजावून सांगितलं. तीनदा पुकारून जो बोलणार नाही त्याचं नाव कमी होईल, तेही सांगितलं. पाळी सुटायची वेळ होती, कामावरचे लोक फाटकातून बाहेर पडत होते.

"आण्णा पदू म्हसकर, मोरिवली. कामास निकामी."

"हजर," आण्णा म्हणाला, आणि अंगठा देऊन कोणाकडे न बघता निघून गेला.

एकेक जण झाला.

"हरिचंद्र गोमा भोईर, चिखलोली. कामास निकामी."

तो उभा होता. बोलला नाही. बाहेर पडणाऱ्या लोकांत तो तरणा कारागीर होता, तो थबकला.

"हरिचंद्र गोमा भोईर, चिखलोली. कामास निकामी." दिनानाथने आवाज चढवला नाही. कागदावरून नजर वर करून वाट बघितली. त्यालाही हे बरं वाटत नसावं, पण वाचायचं ते त्याने वाचलं.

 बोला, राजाबाई मनात म्हणत होती, अवो, बोला एकदाचे. आणि मग काय झालं तिलाच कळलं नाही, तिच्या मनात आलं, नका बोलू. नाव जाऊ दे, जाऊ कुठेही, वांगणीला जाऊ, काशीच्या दारात बसू. तिने एक पाऊल पुढेही टाकलं.

दिनानाथने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"हरिचंद्र गोमा भोईर, चिखलोली. कामास..."

"निकामी," हरिचंद्र बोलला. सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असा बोलला. "हजर."

त्याने अंगठा दिला. दिनानाथने नोटा आणि नाणी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती मुठीत धरली नाही, तशीच उघड्या हातावर घेऊन तो राजाबाईपाशी आला. चैत्रापासून पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं.

"घे," तो म्हणाला. "चाक फिरवल्याची मजुरी."

तिने हात पुढे केला. तिला दुसरं काही सुचलं नाही. बारा रुपये पदराला बांधून होईपर्यंत तो रस्त्याला लागलाही होता. तांदूळ घ्यायचे होते, आणि बाजार दुपारी उठायचा, म्हणून ती त्याच्या मागून चालायला लागली.